बाळाला पाजणे-भरवणे आपण नेमके कोणाकडून शिकलो?

ऐरोलीची आई

नमस्कार. मी ऐरोलीत राहते आणि माझा पहिला मुलगा नुकताच चार महिन्यांचा झाला आहे. रक्तदाब वाढल्यामुळे मला प्रसूतीच्या सहा आठवडे आधीच रजा घ्यावी लागली, त्यामुळे सव्वीस आठवड्यांच्या प्रसूती रजेतले आता जेमतेम अडीच आठवडे उरले आहेत. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला केवळ अंगावरचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, हे मला माहीत आहे. तरीही हा प्रश्न विचारते आहे, कारण एखादी गोष्ट माहीत असली तरी ती येतेच असे नाही, हे मी गेल्या चार महिन्यांत चांगलेच अनुभवले आहे.

गरोदरपणी मी पुष्कळ वाचले होते आणि चित्रफितीही पाहिल्या होत्या. शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्यावर पहिल्या रात्री एका सिस्टरने बाळाचे डोके मागून धरून माझ्या छातीशी दाबले, तेव्हा ते मान मागे टाकून आकांताने रडू लागले. दुसऱ्या पाळीतल्या सिस्टरने कुशीवर झोपून पाजायला सांगितले, आणि तिसरीने ‘तुम्हाला अजून दूधच आलेले नाही’ असे म्हणत पावडरचे दूध वाटीत कालवून आणले. घरी आल्यावर आईने शतावरी आणि आळिवाची खीर सुरू केली, सासूबाईंनी उन्हाळा आहे म्हणून उकळून गार केलेले पाणी चमचाभर द्यावे असे सुचवले, आणि भ्रमणध्वनीवरच्या आयांच्या गटात तर दर तासाला नवा सल्ला येत असे. तोपर्यंत माझ्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या आणि बाळाला जवळ घ्यायची वेळ आली की पोटात गोळा येई.

एकोणिसाव्या दिवशी, आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई कणीक मळता मळता माझ्याकडे पाहत होत्या. त्या दिघ्याला राहतात आणि त्यांना तीन मुले आहेत. हात धुऊन त्या आत आल्या, माझ्या पाठीशी लोड सरकवला, बाळाला पूर्ण कुशीवर वळवून त्याचे पोट माझ्या पोटाला टेकवले आणि म्हणाल्या, “त्याला तुमच्याकडे येऊ द्या, तुम्ही त्याच्याकडे वाकू नका.” बाळाने मोठा आ करेपर्यंत त्यांनी मला थांबवून ठेवले. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील. त्या दिवशी मला पहिल्यांदाच दूध गिळल्याचा आवाज ऐकू आला.

मला जाणून घ्यायचे आहे ते हे, की तुम्ही हे कोणाकडून शिकलात, आणि ज्या आईला अशी एखादी ताई भेटत नाही तिने कोणाकडे जावे? पुढे कामावर जाणे आणि मग वरचे अन्न सुरू करणे, हे दोन्ही टप्पे माझ्यासमोर आहेत, आणि त्या वेळी पुन्हा एकोणीस दिवस वाया जाऊ नयेत असे मनापासून वाटते.

निवृत्त परिचारिका, ठाणे पूर्व

आपला अनुभव वाचून वाईट वाटले. मात्र नवल वाटले नाही. मी तीस वर्षांहून अधिक काळ प्रसूतिपश्चात कक्षात काम केले आहे, आणि पहिल्या दहा-बारा वर्षांत मीसुद्धा बाळांची डोकी अशीच छातीशी दाबली आहेत, कारण मलाही कोणी वेगळे शिकवले नव्हते. बाळाच्या डोक्याला मागून दाब दिला की ते मान मागे टाकते. बाळ दूध नाकारत नसते, ती त्याच्या शरीराची स्वाभाविक हालचाल असते, हे मला फार उशिरा कळले. आपल्या स्वयंपाकाच्या ताईंनी जे केले ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

पूर्वी मुली हे पाहत पाहत शिकत. वाड्यात, चाळीत किंवा गावच्या घरात कोणी ना कोणी बाळंतीण असे आणि लहानपणापासून तिच्या आसपास वावरताना बाळाला कसे धरतात हे डोळ्यांखालून जाई. आज ठाण्यात किंवा नवी मुंबईत दोन खोल्यांच्या सदनिकेत वाढलेली मुलगी अनेकदा आयुष्यातले पहिले नवजात बाळ हातात घेते ते स्वतःचेच. या कौशल्याचा दृष्टीला पडणारा भाग नाहीसा झाला आणि कानावर पडणारा भाग मात्र दसपट वाढला, असे मला वाटते. गरोदरपणाच्या तपासणीला आलेल्या बायकांना आम्ही स्तनपानावर व्याख्यान देत असू, पण त्या वेळी त्यांचे सारे लक्ष बाळंतपण सुखरूप होईल ना याकडे असे, आणि प्रत्यक्ष गरज पडते त्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेव्हा पान्हा भरून येतो, छाती दगडासारखी घट्ट होते आणि बाळाला नीट पकडता येत नाही, तेव्हा नेमके रुग्णालयातून घरी सोडलेले असते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील (२०१९-२१) दोन आकडे मला अस्वस्थ करतात. देशात ८८.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये होतात, पण जन्मानंतरच्या पहिल्या तासात स्तनपान सुरू झालेली मुले केवळ ४१.८ टक्के आहेत. म्हणजे आई आमच्या छपराखाली आणि आमच्या डोळ्यांसमोर असतानाच ती वेळ निघून जाते. वजन करणे, पुसणे, टाके घालणे, नातेवाइकांना बाळ दाखवणे या सगळ्यात तो तास जातो, आणि रात्रपाळीला एकच सिस्टर इतक्या खाटा सांभाळत असते की एका आईजवळ वीस मिनिटे बसणे तिला शक्य होत नाही. वाटीत पावडर कालवणे दोन मिनिटांत होते. मी त्या सिस्टरची बाजू घेत नाही, परंतु कारण कळल्याशिवाय उपाय सापडत नाही.

‘अजून दूध आलेले नाही’ या वाक्याने आमच्या कक्षात जितके नुकसान केले तितके दुसऱ्या कशानेही केले नसेल. पहिले दोन-तीन दिवस येते ते घट्ट, पिवळसर चीकदूध. ते थोडे असते आणि थोडेच पुरते, कारण नवजात बाळाचे जठरही अगदी लहान असते. त्या दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत पुन्हा जन्माच्या वजनावर येते. बाळाने जितके ओढावे तितके दूध तयार होते, म्हणून पावडरचे दूध देऊन बाळ झोपवले की पुढचे पाजणे चुकते, दूध कमी तयार होते, आणि मग ‘पुरत नाही’ हे खरेच ठरते. काही बाळांना वैद्यकीय कारणाने वरचे दूध द्यावे लागते हे खरे आहे, पण तो निर्णय डॉक्टरांनी बाळाला तपासून घ्यायचा असतो. दुधाची पावडर आणि बाटल्या यांची जाहिरात करणे, आईला नमुने वाटणे किंवा डब्यावर बाळाचे चित्र छापणे यांवर आपल्या देशात १९९२च्या कायद्याने बंदी आहे आणि २००३च्या दुरुस्तीने ती अधिक कडक झाली, ही माहिती प्रत्येक आईला असायला हवी.

पुढे मी माझी पद्धत बदलली. आईच्या छातीला हात लावणे मी बंद केले. जुन्या मोज्यात कापूस भरून मी एक स्तन शिवला होता आणि एक कापडी बाहुली सोबत ठेवत असे. मी बाहुलीवर दाखवायचे आणि आईने स्वतःच्या हातांनी बाळावर करायचे. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर, कान-खांदा-कंबर एका रेषेत, तोंड जांभई दिल्यासारखे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीत रुतलेली आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्या ओठाकडून अधिक आत गेलेला, एवढे जमले की वेदना थांबतात. सुरुवातीची ओढ वेगळी, पण पाजताना सतत दुखत असेल तर बोटाने हळूच पकड सोडवून पुन्हा लावावे. एकदा दाखवून मी निघून जात नसे. पुढच्या पाजण्याच्या वेळी तिने माझ्यासमोर मी काहीही न बोलता करून दाखवले की मगच ती शिकली असे मी धरत असे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने या पकडीवर मराठीतही चित्रफिती केल्या आहेत. त्या चांगल्या आहेत, मात्र पाहताना शेजारी कोणीतरी आपले बाळ आणि आपला हात पाहणारे असावे.

ज्यांना अशी ताई भेटत नाही त्यांच्यासाठी माझे सांगणे असे, की प्रसूतीचे रुग्णालय निवडताना खर्च विचारतो तसे ‘पहिल्या तासात बाळ आईजवळ देता का, आणि शस्त्रक्रियेनंतर पाजायला बसवायला कोण येते’ हेही विचारावे. घरी आल्यावर पुरेसे मिळते की नाही यासाठी रडण्यावर विसंबू नये. पहिला आठवडा सरल्यावर बाळाने चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी केली आणि वजन वाढत राहिले, तर दूध पुरते आहे.

आजी, नौपाडा

मुली, तुझ्या सासूबाईंच्या बाजूने थोडे लिहिते, कारण त्या पाण्याच्या चमच्यामागे काय असते हे मला ठाऊक आहे. आमच्या काळी बाळंतिणीला कोणी शिकवत नसे, बाळंतिणीच्या आईला सगळे येते असे गृहीत धरलेले असे. मी माझ्या दोन्ही मुलांना सव्वा महिन्यानंतर रोज गुटी दिली. सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा, बदाम, खारीक यांचे ठरावीक वळसे घ्यायचे, ते आईच्या दुधात किंवा पाण्यात कालवायचे, वर मधाचे बोट लावायचे, आणि बाळाने ते चाटून संपवले की घरातल्या सगळ्यांना समाधान वाटायचे. नात झाली तेव्हा माझी सहाण तयार होती.

सुनेच्या डॉक्टरांनी नको म्हटल्यावर मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. मला गुटी नाकारल्याचे तितकेसे वाटले नव्हते. आपल्याला येत होते तेवढे एकच काम काढून घेतले, याचे दुःख होते. मग पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मलाच आत बोलावले, मला खुर्ची दिली आणि समजावले. आईच्या दुधात बहुतेक भाग पाणीच असते, त्यामुळे ठाण्याच्या मे महिन्यातही बाळाला वेगळे पाणी लागत नाही. पाण्याने इवलेसे पोट भरते आणि बाळ दूध कमी ओढते. सहाणेवरून आणि पाण्यातून जंतू जातात. आणि मधामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. हे सारे सुनेने मला आधीच सांगितले होते, पण तिच्या तोंडून ते मला उद्धटपणाचे वाटले होते आणि डॉक्टरांच्या तोंडून ते ज्ञान वाटले. हा माझा दोष आहे, पण पुष्कळ सासवांचे असेच होत असेल.

म्हणून माझे सांगणे असे, की पुढच्या लसीकरणाला जाताना सासूबाईंना बरोबर ने आणि त्यांच्या शंका त्यांनाच विचारू दे. तू कामावर गेलीस की बाळ त्यांच्याच मांडीवर असणार आहे, तेव्हा शिकायचे आहे ते त्यांनाही. आणि हो, आळिवाची खीर आईने केली असेल तर ती तू अवश्य खा. त्याने दूध वाढो न वाढो, तुझ्या अंगाला ती हवीच आहे.

अंगणवाडी सेविका, तुर्भे

ताई, आपण पुढच्या टप्प्याबद्दल विचारले आहे, म्हणून त्याविषयी लिहिते. माझा अनुभव असा, की पाजण्यापेक्षा भरवणे शिकवणे अवघड असते. पाजताना चुकले तर दुखते, त्यामुळे आई मदत मागते. भरवताना चुकले तर काहीच दुखत नाही. बाळाच्या वजनाची रेघ हळूहळू सपाट होते आणि ते महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. सिस्टरांनी वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले केवळ ११.३ टक्के आहेत, आणि हे केवळ गरिबीमुळे होते असे मला माझ्या वस्तीत तरी दिसत नाही. घरात डाळ, भात, भाजी, अंडी सारे असते. बाळाच्या वाटीत मात्र डाळीच्या वरचे पाणी येते.

आमच्या अंगणवाडीत आम्ही सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांचे उष्टावण करतो. वस्तीत मराठी, हिंदी आणि कानडी बोलणाऱ्या बायका आहेत, त्यामुळे भाषणाचा उपयोग होत नाही. मी दोन वाट्या ठेवते. एकीत डाळीचे पाणी, दुसरीत खिमट. तांदूळ दोन वाट्या आणि मुगाची डाळ एक वाटी धुऊन, सुकवून, खमंग भाजून जाडसर दळायची, आणि लागेल तेवढे पीठ पाण्यात शिजवून त्यात चमचाभर तूप घालायचे, एवढेच ते असते. मग प्रत्येकीच्या हातात चमचा देते आणि तो तिरका करायला सांगते. पाणी लगेच सांडते, खिमट चमच्याला धरून राहते. चमच्यावर जे टिकते तेच बाळाच्या अंगी लागते, हे मग मला सांगावे लागत नाही. मागच्या पावसाळ्यात एका आजीने दोन्ही वाट्यांची चव घेतली, पाण्याची वाटी बाजूला सरकवली आणि सुनेला म्हणाली, “हे तर आपण ताटात हात धुतो तसले आहे.”

सहा महिन्यांनंतर अंगावरचे दूध चालूच ठेवायचे आहे, अगदी दोन वर्षे किंवा त्यापुढेही. पण केवळ दुधावर वाढ भागत नाही आणि जन्मतः मिळालेला लोहाचा साठाही तोवर संपत आलेला असतो. सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरे, मग दिवसातून दोन-तीन वेळा, आणि नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. वरण-भात कुस्करून, नाचणीचे सत्त्व दाटसर शिजवून, उकडलेला बटाटा, लाल भोपळा, पिकलेले केळे, आणि घरात चालत असेल तर पूर्ण शिजलेले अंडे. वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नये आणि मध तर मुळीच देऊ नये. मिक्सरमधून पातळ करू नये. हाताने किंवा चमच्याने कुस्करावे, म्हणजे बाळ चावायला शिकते. बाळाने जिभेने घास बाहेर ढकलला तर त्याला आवडत नाही असे समजू नये, गिळायचे कसे हे ते शिकत असते. दहा वेळा नाकारलेला भोपळा अकराव्या वेळी खाल्लेला मी पाहिला आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आशाताई बाळाच्या पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही भेट देतात, अशी योजना आहे. वस्तीत त्या येतात. मोठ्या गृहसंकुलांत मात्र त्यांना फाटकावरच अडवले जाते किंवा ‘आमचे खाजगी डॉक्टर आहेत’ असे सांगून परत पाठवले जाते. आपल्या विभागाच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन नाव नोंदवलेत तर आपणही त्यांना बोलावू शकता. अंगणवाडीचा वजनकाटा आणि माता व बाल संरक्षण कार्डावरचा आलेख सगळ्यांसाठीच आहे. आपल्यासारख्या ताई आल्या तर आम्हाला आनंदच होईल.

ऐरोलीची आई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. आजी, आपले लिखाण मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, परंतु संध्याकाळी ‘पुढची लस कधी आहे’ असे त्यांनी स्वतःहून विचारले.

सिस्टर, एक अडचण उरते. मी सकाळी साडेआठला घर सोडेन आणि संध्याकाळी साडेसहाला परत येईन. कार्यालयात पाळणाघर आहे, पण महापेपर्यंत बाळाला रोज नेणे शक्य नाही. हाताने दूध काढून ठेवायचे म्हटले तर काल अर्ध्या तासात वाटीचा तळही झाकला गेला नाही.

निवृत्त परिचारिका, ठाणे पूर्व

पहिल्या दिवशी तळ झाकला गेला नाही याने घाबरू नका, तेही हाताचे कौशल्य आहे आणि तीन-चार दिवसांत जमते. अंगठा वर आणि बोटे खाली, काळसर भागाच्या कडेवर ठेवा. आधी छातीच्या दिशेने मागे दाबा, मग अंगठा-बोटे एकमेकांकडे दाबून सोडा. कातडीवरून बोटे घासू नका आणि स्तनाग्र पिळू नका. पहिली एक-दोन मिनिटे काही येत नाही, मग धार सुटते. बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूचे काढले तर अधिक सोपे जाते, आणि पहाटेच्या पाजण्यानंतर बहुतेकींना दूध जास्त मिळते.

उकळून वाळवलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात काढा. मी बाहेर चार तासांहून अधिक ठेवू देत नसे, आणि आपल्याकडच्या उकाड्यात त्याहून कमीच धरावे. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ठेवून चोवीस तासांत वापरावे. देताना डबा कोमट पाण्यात धरावा, दूध उकळू नये आणि मायक्रोवेव्हमध्येही ठेवू नये. बाटली आणू नका. वाटी-चमचा किंवा बोंडले पुरते, ते धुवायला सोपे असते आणि बाळाची पकडही बिघडत नाही.

कार्यालयात दर तीन तासांनी दूध काढा, नाहीतर छाती भरून गाठी होतील आणि पुढे दूधही आटेल. कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ मिळतो. रुजू होण्यापूर्वीच तो लेखी मागा आणि दार बंद करता येईल अशी खोलीही मागून घ्या, स्वच्छतागृहात दूध काढायला बसू नका. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बाळाला हवे तेव्हा पाजा.

रुजू होण्याच्या दिवशी सासूबाईंच्या हाती पहिल्यांदा वाटी येऊ नये. या आठवड्यातच सराव करा, आणि त्या वेळी आपण घरात थांबू नका, कारण आईचा वास आला की बाळ चमचा घेत नाही.

ऐरोलीची आई

शनिवारी सराव केला. मी खाली इमारतीच्या बाकावर जाऊन बसले आणि सासूबाईंनी वर दाराला आतून कडी लावली. पहिल्या वेळी अर्धे दूध दुपट्यावर सांडले. रविवारी त्यांनी बाळाला आडवे न धरता मांडीवर जवळजवळ बसते केले, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवली आणि तो जीभ पुढे काढून स्वतः चाटून घेईपर्यंत थांबल्या. हे त्यांना कोणी सांगितले होते का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “तो ओढतो कसा ते पाहिले.” सत्तर मिलिलिटरमधले थोडेसेच सांडले. उद्या स्वयंपाकाच्या ताई आल्या की त्यांच्या देखत पुन्हा करून पाहणार आहोत.